विरळ द्रावणातली रात्र

बसायला जागा शोधा. नागपूरच्या कळमना बाजाराच्या यार्डात भल्या सकाळी ती सहज मिळत नाही, पण शोधली तर एखादं पालथं क्रेट, गोण्यांच्या थप्पीचा कोपरा, नाहीतर फळबाजाराच्या ओट्याची कड सापडतेच. पाठ टेकली की झालं. डोळे मिटायची गरज नाही. आज जे बघायचं आहे ते उघड्या डोळ्यांना दिसत नाही आणि मिटलेल्यांनाही नाही. श्वास मोजू नका. तो चालू आहे, तेवढं पुरे.

आता मनात एक छोटी काचेची कुपी आणा. आत थोडी पांढरी भुकटी, त्यातलं खरं औषध अवघं १८ मिलिग्रॅम. नाव रेटेप्लेज. हृदयाच्या रोहिणीत रक्ताची गुठळी अडकून झटका आला की ती गुठळी विरघळवण्यासाठी शिरेतून द्यायचं हे प्रथिन. आपल्याकडे नवी मुंबईत, रबाळ्याच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसमध्ये ते बनतं. कळमन्यात बसून याच कुपीचा विचार का करायचा, असं कोणी विचारेल. इथे पाठीवर पोती वाहणारे आहेत, रात्रभर ट्रक हाकून आलेले आहेत, भाव कोसळल्यावर काही न बोलता छाती चोळत बसणारे आहेत. हे एक कारण. दुसरं पुढे येईल, घाई नाही.

कुपीतल्या भुकटीत रेणू किती असतील? हिशेब केला तर सुमारे २७ कोटी अब्ज. इतक्यांचा विचार कुणालाच करता येत नाही, म्हणून आपण एकच घेऊ. पूर्ण मनन त्या एकाचं.

हा रेणू म्हणजे ३५५ अमिनो आम्लांची एक साखळी. मूळ प्रथिन आपल्याच अंगातलं, रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी ते बनवतात, आणि ते लांब असतं, ५२७ दुव्यांचं. जर्मनीतल्या बोहरिंगर मानहाइम कंपनीच्या संशोधकांनी त्यातले काही भाग कापून टाकले आणि दोनच ठेवले. एक गुठळीच्या धाग्यांशी जवळीक राखणारा, दुसरा कात्री चालवणारा. १९९६ साली अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. कापाकापीचा एक फायदा असा झाला की यकृत त्याला लवकर ओळखत नाही. मूळ प्रथिन रक्तात चार-पाच मिनिटांतच निम्मं होतं, हे तेरा-सोळा मिनिटं टिकतं.

आता त्या साखळीवर हळूच बोट फिरवा. ३५५ दुव्यांपैकी १८ ठिकाणी सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल आहे. प्रत्येक सिस्टीनला गंधकाचा एक हात आहे. असे दोन हात एकमेकांना धरतात आणि साखळी त्या जागी बांधली जाते. १८ हात, म्हणजे ९ जोड्या. कोणी कोणाचा हात धरायचा हे ठरलेलं आहे. पण ठरलेलं नसतं तर? १८ जणांच्या ९ जोड्या लावण्याचे प्रकार होतात ३,४४,५९,४२५. त्यातला एकच प्रकार औषध आहे. उरलेले तीन कोटी चव्वेचाळीस लाख एकोणसाठ हजार चारशे चोवीस प्रकार निरुपयोगी, काही तर त्रासदायकही.

या आकड्यावर क्षणभर थांबा. पुढचं सगळं त्याच्याभोवती आहे.

ही साखळी बनवायला सोपी आहे. माणसाचं जनुक ई. कोलाय या जिवाणूत घातलं, त्याला साखर-क्षार-हवा दिली, टाकीत वाढवलं आणि इशारा दिला की तो कामाला लागतो. सेकंदाला पंधरा-वीस अमिनो आम्लं या वेगाने तो साखळी ओवतो. ३५५ दुवे म्हणजे जेमतेम वीस सेकंद. तुम्ही मागची दोन वाक्यं सावकाश वाचलीत तेवढ्यात एक साखळी ओवून झाली. विज्ञानाच्या बातम्या सहसा इथेच संपतात: जिवाणू झाला कारखाना, माणसाचं प्रथिन स्वस्त झालं. मला या बातम्यांचा कंटाळा येतो तो यासाठी की खरी गोष्ट इथे सुरू होते आणि ती वीस सेकंदांची नाही.

यार्डात आता लिलाव सुरू होतोय असं समजा. नजर वर करा. ढिगाभोवती अडते, खरेदीदार, मापाडी, हमाल, शेतकरी, गर्दीतून वाट काढणारा हातगाडा. बोली चढते तशी माणसं पुढे सरकतात. अशा वेळी कोणाला खिशातला कागद उलगडून वाचायचा असेल, किंवा अंगावरचा सदरा नीट घालायचा असेल, तर जमत नाही. हात उचलला की दुसऱ्याला लागतो. जिवाणूच्या पोटात हेच चालू असतं. तिथे दर मिलिलिटरमागे दोनशे-तीनशे मिलिग्रॅम प्रथिनं दाटलेली असतात. त्यात आपण आणखी साखळ्यांचा लोट सोडला. प्रत्येक नवी साखळी बाहेर येते तेव्हा उघडी असते. तिचे तेलकट, पाण्याला नको असलेले भाग बाहेर राहिलेले असतात. घडी नीट पडली तर ते आत वळतात. पण वळायच्या आधीच शेजारच्या साखळीचा तेलकट भाग अंगावर येतो आणि दोघी चिकटतात. मग तिसरी, मग हजारावी. शिवाय ई. कोलायच्या आतलं वातावरण असं की गंधकाचे हात तिथे एकमेकांना धरूच शकत नाहीत. सुटे हात, उघडी अंगं, आणि गर्दी.

याचा परिणाम सूक्ष्मदर्शकातून दिसतो. जिवाणूच्या टोकाशी चकाकणारा एक घट्ट ठिपका. प्रयोगशाळेत त्याला इन्क्लूजन बॉडी म्हणतात. लाखो साखळ्या, प्रत्येकीतला अक्षरक्रम बिनचूक, आणि एकीनेही काम करू नये.

दुसरा मार्ग नव्हता का? होता, आणि तो महाराष्ट्रातच दिसतो. पुण्याच्या जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सचं टेनेक्टेप्लेज याच घराण्यातलं, हृदयाच्या झटक्यासाठीच वापरलं जाणारं प्रथिन. ते हॅमस्टरच्या पेशींत वाढवलं जातं. त्या पेशींत घडी घालण्याची स्वतंत्र खोलीच असते, साखळीला सांभाळणारी मदतनीस प्रथिनं असतात, चुकीचा धरलेला हात सोडवणारं विकर असतं. प्रथिन घडी घालून बाहेर येतं. वोक्हार्टने २००३ साली आणलेलं मानवी इन्सुलिन यीस्टमधून आलं. त्या वाटेचे फायदे वेगळे, खर्च वेगळे. पण आपली कुपी जिवाणूच्या वाटेने आलेली आहे, आणि त्या वाटेवर घडी माणसाला घालावी लागते. नाही, चुकलं. घालावी लागते हे खरं नाही. पडू द्यावी लागते.

कशी, ते बघू. इथून पुढे वाचनाचा वेग थोडा कमी करा.

आधी जिवाणू फोडतात, मोठ्या दाबाने अरुंद फटीतून ढकलून. मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. ठिपके जड, ते तळाशी बसतात. धुतात, पुन्हा फिरवतात, पुन्हा धुतात. हाती येतो तो पांढरट, चिकट गाळ. यात सगळं औषध आहे आणि औषध काहीच नाही.

आता या गाळातल्या चुकीच्या गाठी सोडवायच्या. त्यासाठी युरिया. होय, तोच रेणू, जो पोत्यातून शेतात जातो, इथे मात्र अत्यंत शुद्ध. लिटरभर द्रावणात ४८० ग्रॅम इतका दाट. नाहीतर त्याहून जालीम ग्वानिडिन. सोबत गंधकाचे हात सोडवणारं एखादं रसायन, ज्याचा वास प्रयोगशाळेच्या बाहेरपर्यंत येतो. गाळ विरघळतो, द्रावण स्वच्छ होतं. आतल्या साखळ्यांनी सगळ्या घड्या टाकलेल्या असतात. चांगल्या आणि वाईट, दोन्ही. कोणी कोणाला धरलेलं नाही.

या अवस्थेत थोडं रेंगाळा. कारखान्यातल्या माणसाला इथे थांबायची मुभा नसते, तुम्हाला आहे. निव्वळ क्रम उरला आहे: पहिलं अमिनो आम्ल, दुसरं, तिसरं, तीनशे पंचावन्नावं. आकार नाही, काम नाही. प्रश्न असा की आकार कुठे गेला? तो साठवलेला आहे का कुठे?

अमेरिकेत बेथेस्डाला ख्रिश्चन अॅन्फिन्सन यांनी हाच प्रश्न १९५० च्या दशकाच्या शेवटी रायबोन्यूक्लिएज या लहानशा प्रथिनाला विचारला. १२४ अमिनो आम्लं, ८ सिस्टीन, म्हणून जोड्या लावण्याचे प्रकार १०५. त्यांनी ते युरियात पूर्ण उलगडलं, मग युरिया काढून घेतला आणि हवेतल्या ऑक्सिजनवर सोडून दिलं. प्रथिन आपोआप मूळ आकारात आलं आणि कामाला लागलं. मग त्यांनी उलट करून पाहिलं. युरिया असतानाच गंधकाचे हात धरू दिले आणि युरिया नंतर काढला. आता प्रथिनाचं काम उरलं सुमारे एक टक्का, म्हणजे १०५ मध्ये एक, निव्वळ योगायोगाने जमतील तेवढंच. आणि तिसरी पायरी मला सगळ्यात आवडते. त्या गोंधळलेल्या प्रथिनात त्यांनी हात सोडवणाऱ्या रसायनाचा अगदी थोडा अंश टाकला. धरलेले चुकीचे हात सुटू लागले, पुन्हा धरले जाऊ लागले, पुन्हा सुटू लागले, आणि काही तासांत बहुतेक सगळं प्रथिन योग्य आकारात आलं. या कामासाठी १९७२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमधला वाटा त्यांना मिळाला. आकार क्रमातच आहे, हा त्याचा निष्कर्ष.

पाठ्यपुस्तकं इथे पूर्णविराम देतात. साखळीला सगळं ठाऊक असतं, असं म्हणून मोकळे होतात. ते खोटं नाही, पण अर्धं आहे, आणि अर्धं सोडून दिलं की उरलेल्या अर्ध्यासाठी राबणाऱ्यांचं काम दिसेनासं होतं. अॅन्फिन्सन यांचं प्रथिन लहान होतं, स्वभावाने गुणी होतं आणि द्रावण पातळ होतं. १८ हातांचं, ३५५ दुव्यांचं प्रथिन दाट द्रावणात सोडलं आणि युरिया काढून घेतला, तर त्याला ठाऊक असलेलं काहीही उपयोगी पडत नाही. काही सेकंदांत भांड्यात दुधाळ धूसरपणा येतो आणि सगळं पुन्हा गाळ.

का, याचं उत्तर दोन वेगांच्या शर्यतीत आहे. घडी पडणं हे साखळीचं स्वतःचं काम, तिला दुसऱ्याची गरज नसते. म्हणून आजूबाजूला कितीही साखळ्या असोत, घडीचा वेग तोच. चिकटायला मात्र दोघी लागतात. गर्दी दुप्पट केली की टकरा चौपट होतात, निम्मी केली की पाव. याचा अर्थ असा की घडीचा वेग वाढवता येत नाही, पण टकरांचा वेग कमी करता येतो. म्हणून उपाय एकच: पाणी. युरियातलं दाट द्रावण मोठ्या टाकीतल्या थंड बफरमध्ये सोडायचं, इतकं पातळ करायचं की मिलिलिटरमागे प्रथिन दहाव्या हिश्शाचा मिलिग्रॅम, किंवा त्याहूनही कमी.

एवढ्या विरळपणात दोन साखळ्यांमध्ये सरासरी किती अंतर पडतं? सुमारे ८०-९० नॅनोमीटर. आणि घडी पडलेल्या रेणूची स्वतःची रुंदी पाचेक नॅनोमीटर. आता पुन्हा यार्डाकडे बघा. प्रत्येक माणसापासून सगळ्यात जवळचा माणूस पंचवीस फुटांवर उभा आहे. मध्ये रिकामा ओटा. ढिगाभोवतीची ती गर्दी अशी फाकवायची म्हटली तर कळमन्याचा पूर्ण फळबाजारही पुरायचा नाही. कारखान्यातही तसंच होतं: औषध मूठभर, टाक्या खोलीएवढ्या. कागदावर हिशेब मांडून बघा. मिलिलिटरमागे दहाव्या हिश्शाचा मिलिग्रॅम, आणि निम्म्या साखळ्या नीट घडल्या असं धरलं, तरी तुमच्या एका कुपीसाठी सव्वा तीनशे ते चारशे मिलिलिटर द्रावण लागलं. पुढच्या पायऱ्यांवरची गळती धरा, मग अर्धा लिटरही अपुरा. त्या छोट्या कुपीमागे एवढी मोकळी जागा आहे. किमतीत ती कुठे दिसत नाही.

आणि एकदम ओतायचं नाही. थोडं सोडायचं, थांबायचं. आधीच्या साखळ्यांची घडी बसली, तेलकट भाग आत वळले, की त्या कोणाला चिकटत नाहीत. मग पुढचा हप्ता. पुन्हा थांबायचं. मला वाटतं या कामाचं कौशल्य मिसळण्यात कमी आणि थांबण्यात जास्त आहे, आणि थांबणं कोणत्याही नोंदवहीत काम म्हणून लिहिलं जात नाही.

पाण्याच्या जोडीला टाकीत आणखी दोन गोष्टी असतात. एक आर्जिनिन. हे स्वतःच एक अमिनो आम्ल, डाळ-शेंगदाण्यातून रोज पोटात जाणारं. बोहरिंगर मानहाइममध्येच रायनर रुडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की याच जातीच्या प्रथिनांच्या द्रावणात आर्जिनिन भरपूर घातलं, लिटरमागे शंभर-दीडशे ग्रॅम, तर घडी पडण्याचं प्रमाण कितीतरी वाढतं. ते साखळीला घडी शिकवत नाही. उघड्या तेलकट भागांच्या आसपास राहून चिकटाचिकटी सैल करतं, इतकंच. नेमकं कसं, यावर तज्ज्ञांचे वाद आहेत. पण टाकीपाशी राबणाऱ्या माणसाला वादाच्या निकालाची वाट बघावी लागली नाही.

दुसरं ग्लुटाथायोन, तेही आपल्या पेशींतलंच. ते दोन रूपांत एकत्र घालतात. एक रूप हात धरायला लावतं, दुसरं धरलेला हात सोडवतं. पहिल्यांदा वाचताना हे विचित्र वाटेल. नऊ जोड्या बांधायच्या आहेत तर सोडवणारं कशाला? कारण पहिल्या झटक्यात धरलेले हात बहुधा चुकीचे असतात. ते पक्के झाले तर साखळी त्या तीन कोटींतल्या भलत्याच ठिकाणी अडकेल. चूक सुटण्याची सोय राहिली पाहिजे. चुकीची जोडी ताणलेली असते, म्हणून सहज सुटते. बरोबर जोडी आत दडते, तिच्यापर्यंत रसायन पोचत नाही, म्हणून टिकते. रात्रभर टाकीत हे चालतं. हात धरले जातात, सुटतात, धरले जातात. बाहेरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. स्वच्छ, गार, रंगहीन पाणी. वीस सेकंदांत ओवलेल्या साखळीला आता एक रात्र दिली आहे.

ही रात्र मनात तशीच ठेवा आणि थोडं बाजूला या.

गर्दी आणि चिकटणं यांचा नागपूरशी जुना संबंध आहे, आणि तो कोणत्या कारखान्याचा नाही. १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल लिहिलं. तेव्हापासून विदर्भातल्या आदिवासी आणि इतर अनेक समाजांतल्या घरांना हा शब्द नातेवाइकासारखा परिचित आहे. इथल्या मेडिकल आणि मेयो रुग्णालयांच्या ओपीडीत तो रोज उच्चारला जातो. तिथेही गोष्ट एका प्रथिनाचीच. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं, त्यातलं सहावं बदललेलं. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन, म्हणजे पाण्याला आवडणाऱ्याच्या जागी तेलकट. घडी मात्र नीट पडते. ऑक्सिजन सोडला की तो तेलकट ठिपका शेजाऱ्याच्या खाचेत बसतो आणि रेणूंच्या रांगा लागतात. लाल पेशी विळ्यासारखी वाकते.

आता लाल पेशीच्या आत बघा. तिथे दर शंभर मिलिलिटरला ३३ ग्रॅमच्या आसपास हिमोग्लोबिन. इतकी दाट गर्दी शरीरात क्वचितच सापडते. रांग लागायला सुरुवात होण्याआधी थोडा वेळ जातो, आणि तो वेळ गर्दीवर इतका अवलंबून आहे की प्रयोगशाळेतल्या मोजणीत सुमारे तिसावा घात येतो. सोप्या हिशेबाने, गर्दी दहा टक्क्यांनी घटली तर रांग लागायला वीस पटींहून अधिक वेळ लागतो. पेशीला केशवाहिनीतून पार व्हायला एखाद-दोन सेकंद पुरतात. तेवढी उसंत मिळाली तर ती न वाकता फुप्फुसाकडे परत जाते. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर असताना डॉक्टर या रुग्णांना पाणी पीत राहा असं बजावतात, त्यामागे हा घात आहे. हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल देतात तीही याच दिशेची. तिने गर्भातल्या बाळाचं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं, जे रांगेत सामील होत नाही, आणि पेशी थोडी फुगते, म्हणजे आतली गर्दी विरळ होते. रबाळ्याच्या टाकीत जे पाण्याने करतात ते इथे पेशीच्या आत करायचं आहे. कळमन्यात बसायचं दुसरं कारण हे.

चला परत, टाकीपाशी. रात्र सरली आहे.

सगळ्या साखळ्या यशस्वी झालेल्या नाहीत. काही चिकटल्या, त्या गाळून काढल्या. काही एकट्या राहूनही भलत्या जोड्यांत अडकल्या, आणि त्या पाण्यात विरघळलेल्याच आहेत. दिसायला, वजनाला, क्रमाला अगदी बरोबरच्यांसारख्या. त्यांना वेगळं कसं काढायचं? इथे एक सुंदर युक्ती आहे आणि ती एका झाडाकडून आली. आपल्याकडे शिशिर संपता संपता निष्पर्ण फांद्यांवर लालभडक फुलणारा पांगारा तुम्ही पाहिला असेल. त्याच कुळातल्या आफ्रिकेतल्या एका झाडाच्या बियांत एक छोटं प्रथिन असतं, जे पचवणाऱ्या विकरांच्या कात्रीत जाऊन बसतं आणि ती बंद पाडतं. बीला किड्यामुंग्यांपासून वाचवायची ती सोय असावी. १९८४ साली दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी ते मण्यांवर बसवून, त्या मण्यांच्या कॉलममधून मूळ प्रथिन वेचून दाखवलं, आणि पुढे रेटेप्लेज शुद्ध करायलाही तेच वापरलं गेलं. द्रावण वरून सोडायचं. ज्या रेणूची कात्री नीट घडली आहे, तोच या बीच्या प्रथिनाला अडकतो. वाकड्या कात्रीत ते बसतच नाही, तो रेणू खाली वाहून जातो. शुद्ध करणं आणि आकार तपासणं एकाच वेळी होतं. कॉलमखालून निघून गेलेलं द्रावण सांडपाण्यात जातं. त्यातल्याही प्रत्येक साखळीचा क्रम बरोबर होता.

नंतर ई. कोलायच्या बाहेरच्या आवरणाचे तुकडे काढावे लागतात, कारण त्यांचा अंश जरी शिरेत गेला तरी थंडी वाजून ताप चढतो. या कामात चूक चालत नाही, पण त्यावर मनन करण्यासारखं फार नाही. मग गोठवून कोरडं करणं, कुपीत भरणं, बूच, झाकण.

सोडण्यापूर्वीची एक चाचणी मात्र जरूर बघा. काचेच्या नळीत मुद्दाम गुठळी तयार करतात, त्यात औषधाचा मोजून अंश टाकतात, आणि ती किती वेळात विरघळते ते बघतात. ठरलेल्या नमुन्याशी वेळ जुळली पाहिजे. एवढ्या यंत्रांनी रेणूचं वजन मोजून झालं, क्रम वाचून झाला, आकार पडताळून झाला, तरी शेवटी त्याला त्याचंच काम करून दाखवावं लागतं. मला हे योग्य वाटतं.

आता कुपी रुग्णालयात आहे, समोर छातीत कळ आलेला माणूस आहे, आणि इथे सावकाशपणाला जागा नाही. झटक्यानंतर प्रत्येक मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो. पहिल्या काही तासांत औषध गेलं तर फायदा मोठा, बारा तासांनंतर जवळजवळ नाही. म्हणून रुग्ण दारात आल्यापासून अर्ध्या तासात सुई शिरेत गेली पाहिजे, हे डॉक्टरांचं लक्ष्य. रेटेप्लेजचे दोन डोस, प्रत्येकी १० युनिट, दोन मिनिटांत सावकाश, आणि दोन्हींमध्ये ३० मिनिटांचं अंतर. त्या अर्ध्या तासात पहिला डोस रक्तात पावाच्या आसपासच काय तो उरतो, म्हणून दुसरा. आपल्याकडे अनेक ठिकाणी त्याऐवजी स्वस्त स्ट्रेप्टोकायनेज देतात. ते जिवाणूचं स्वतःचं प्रथिन, त्यात एकही सिस्टीन नाही, म्हणून घडीची ही यातायातही नाही. पण ते परकं असल्याने शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं, आणि पुढे कधी पुन्हा द्यायची वेळ आली तर ते चालत नाही.

तुमचा तो एक रेणू आता रक्तात आहे. त्याच्या नऊ जोड्या जागेवर आहेत. तो प्लाझ्मिनोजेन नावाच्या प्रथिनाला एका ठराविक जागी कापतो. त्यातून प्लाझ्मिन होतं, आणि प्लाझ्मिन गुठळीचे धागे तोडतं. हृदयातल्या गुठळीचे, आणि दुसरीकडे कुठे असेल तर तिथल्याही. चार दिवसांपूर्वीच्या ऑपरेशनच्या टाक्यांवरची गुठळी, पोटातल्या अल्सरवरची, मेंदूतल्या नाजूक वाहिनीवरची, त्याला फरक कळत नाही. म्हणून सुई टोचण्याआधी, घड्याळाकडे बघत का होईना, डॉक्टर नातेवाइकांना घाईघाईने विचारतात: पूर्वी कधी पक्षाघात झाला होता का? इतक्यात काही ऑपरेशन? डोक्याला मार? शौचातून रक्त? बीपीच्या गोळ्या घेतात का, आणि आज घेतली होती का?